नावेच्या तळातलं पाणी

चैत्र संपत आला की आमच्या सोलापुरात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मागांची खटखटही जराशी मंदावते. अशा वेळी मी पंखा बंद करून पडतो. पंख्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही आणि ऐकत पडणं ही माझी जुनी खोड आहे. सध्या शेजारच्या मोरीतला नळ गळतोय. तीन श्वासांना एक थेंब, खाली पितळी घंगाळ. काल तिथल्या सूनबाईंना म्हटलं, वायसर बदला, पाच मिनिटांचं काम, पाना माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आता विश्रांती घ्या." विश्रांतीच तर घेतोय. आमची ही जाऊन सहावं वर्ष लागलं, मुलगा नोकरीपायी लांब, घरात बोलायला भिंती. म्हणून तर दुसऱ्यांच्या घरचे थेंब मोजत पडलोय.

चाळीस वर्षं नळकाम केलं. या गावातल्या किती मोऱ्यांत मी पोटावर पालथा पडलो असेन, त्याची गणती नाही. पाण्याचा स्वभाव मला माणसांपेक्षा बरा कळतो. ते गळतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. भिंत ओली दिसली म्हणून भिंत फोडणारा नळवाला कच्चा. पक्का नळवाला आधी गच्चीवर जाऊन येतो. हे शहाणपण मला गिऱ्हाइकांपुढे मिरवायला फार आवडायचं. ते कुठे शिकलो, असं कुणी विचारलं की मात्र मी तोंडात सुपारी टाकायचो.

ऊन असं तापलं की शहरातला एकही नळ मला आठवत नाही. आठवते एक नाव. समुद्र मी जन्मात पाहिला नाही, मोठी नदी पाहिली ती मोटारीतून. तरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गळती मी एका नावेत शोधली, आणि तीही आमच्या या कोरड्याठाक मुलखात. सांगितलं तर लोक हसतात. हसू दे.

राज्य तेव्हा साहेबाचं होतं आणि मी बाविशीत होतो. करमाळ्याकडचा लोहार. आई गेल्यावर तिकडे थांबण्यासारखं कुणी उरलं नाही, म्हणून सोलापुरात येऊन एका नळवाल्याच्या दुकानात लागलो. रात्री त्याच दुकानाच्या माळ्यावर, पाइपांच्या शेजारी निजायचो. उन्हाळ्यात पाइपसुद्धा अंगाला गार लागत नसत. दिवसभर लोकांच्या घरात हिंडायचो आणि घर मला एकही नव्हतं. कुणाच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की पाना हातात तसाच धरून मी उभा राहायचो. मालक म्हणायचे, पोरगं मन लावून काम करतं.

हिप्परग्याचा तलाव उन्हाळ्यात मागे सरकायचा आणि काठ उघडा पडायचा. चिखलाला भेगा जायच्या, भेगांच्या कडा उन्हानं वर वळायच्या, आणि अनवाणी चाललं तर त्या कडा पायाखाली कुडकुड मोडायच्या. तलावात गाळ किती साठलाय हे पाटबंधारे खात्याला मोजायचं होतं. त्यासाठी एक मोठी, सपाट तळाची नाव ठेवलेली होती. तिच्यावर पत्र्याची खोली, खोलीत खाट, मेज आणि नकाशे ठेवायला लांब पेटी. मोजणी सुरू झाली की थोरले साहेब आठवडा-आठवडा नावेतच राहणार होते. तलावाचं हिरवं, शेवाळी पाणी त्यांना कसं चालणार? म्हणून नावेच्या नाकाडाशी घडवंचीवर पत्र्याची टाकी बसवायची, तिच्यातून पायाखालच्या फळ्यांखालून नळ नेऊन खोलीत तोटी काढायची, आणि टाकीत गावच्या आडाचं पाणी भरायचं असं ठरलं. पाण्यावर तरंगणाऱ्या नावेत पाणी वेगळं वाहून आणायचं, याचं तेव्हा मला फार हसू आलं होतं. ती टाकी मीच केली आणि नळही मीच जोडला.

काम फाल्गुनात झालं. वैशाखात मालकांना निरोप आला की टाकीत पाणी राहत नाही. सोमवारी काठोकाठ भरलेली, गुरुवारी तळ दिसतो. शिवाय नावेच्या तळातही पाणी साचू लागलंय. तलावाच्या बंधाऱ्यावरच्या बंगल्यात खात्याचे ओव्हरसियर राहायचे. त्यांनी या दोन गोष्टींचे दोन निकाल लावून ठेवले होते. टाकीतलं पाणी जातं, म्हणजे नावेवरचा भोई ते धनगरांना वाटतो. तळात पाणी येतं, म्हणजे तोच भोई फळ्यांच्या सांध्यांना डांबर लावत नाही. शनिवारी ते स्वतः येऊन बघणार होते. तोवर छडा लागला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून नावेवर दुसरा माणूस. मला मंगळवारी तिकडे धाडलं. छडा लागेपर्यंत तिथेच राहा, मालक म्हणाले.

तो भोई म्हणजे धोंडीतात्या. साठीचा माणूस, भीमेकाठचा. बायको कधीच गेलेली, एकुलती मुलगी त्यांच्याच गावात दिलेली. कावड वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आलेला, त्यामुळे ते नेहमी कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतायत असं वाटायचं. ते नावेतच राहायचे. ती नाव गेली असती तर जावयाच्या दारात जाऊन पडायचं, एवढंच त्यांच्यापुढे उरलं होतं. ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं.

मी गुडघाभर चिखल तुडवत, मग कमरभर पाण्यातून, हत्यारांची पिशवी डोक्यावर घेऊन नावेशी पोचलो. त्यांनी हात देऊन वर घेतलं.

"आलासा, मिस्तरी? बसा. आदी भाकर खावा, मग पाणी हुडका."

"पाणी जातंय तरी कुठे, तात्या?"

"त्येच कळंना की. टाकीतलं जातंय, आन् तळात येतंय. वरीसभर म्या हिचा तळ कोरडा ठिवला. आता म्हैनाभर नुसती रडतीया."

नाव पाझरायला लागली की ते 'रडतीया' म्हणायचे. टाकीतलं जातंय आणि तळात येतंय, हे त्यांनी एका दमात, एका वाक्यात म्हटलं होतं. पण आम्ही दोघांनीही त्या वाक्याचे दोन तुकडे केले. ते जन्माचे भोई. नावेत आलेलं पाणी बाहेरून येतं हे त्यांच्या रक्तात. म्हणून ते महिनाभर गिरणीतली रद्दी सरकी-कापूस राळेत भिजवून बाहेरच्या सांध्यांत ठासत बसले होते. मी नळवाला, पाणी जातं ते तोटीतून किंवा झाकणातून, एवढंच माझ्या डोक्यात. दोघंही आपापल्या धंद्याला चिकटून बसलो होतो.

मी नेहमीच्या रीतीनं सुरुवात केली. टाकीत काठी उभी करून पाण्याची खूण कोळशानं केली. तोटी गच्च बंद करून तिच्यावर चिंधी बांधली. हाताला लागणारा प्रत्येक सांधा पुसून कोरडा केला आणि तात्यांच्या चुलीतली राख चाळून त्यावर भुरभुरली. ओल आली की राख काळी पडते, ही आमच्या दुकानातली युक्ती. मग आम्ही दोघं अगदी न हलता बसून राहिलो. राख पांढरीच राहिली. मग उठून आपापल्या कामाला हिंडलो; संध्याकाळी पाहिलं तर काठीवरची खूण चार बोटं उघडी पडली होती.

फळ्यांखाली, टाकीच्या मागच्या अंगाला, एक कोपऱ्याचा सांधा होता. तो मी उघडून पाहिला नाही. तिथे पोचायला चार फळ्या उचकटाव्या लागल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर तो माझ्या हातचा होता. त्याला वितळलेल्या कथलाचा डाख लावला तेव्हा मालकांनी पाठीवर थाप मारली होती. त्याला काय बघायचं?

त्या पाच दिवसांतलं ऊन मला अजून अंगावर आठवतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी पाऊल ठेववत नसे. आम्ही खोलीच्या सावलीत, नावेच्या काठाला टेकून बसायचो आणि सावली सरकेल तसे सरकायचो. पाण्याला कुजक्या शेवाळाचा वास. लांब काठावर धनगरांची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. माणसाचा आवाज म्हणून नाही. तात्या तासन् तास बोलत नसत आणि मग एकदम नावेशीच बोलत, "आता गप ऱ्हा की गं." ती न बोलण्याची सोबत मला फार आवडली. दुकानाच्या माळ्यावरही मी गप्पच असायचो, पण ती शांतता निराळी होती. इथे कुणीतरी शेजारी गप्प होतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. मी लोहार, ते भोई. शहरात कुणीतरी ते आठवून दिलं असतं. त्या नावेत ना त्यांना आठवलं, ना मला. आई गेल्यापासून कुणी माझ्यासाठी म्हणून भाकरी थापली नव्हती. पहिल्या दिवशी तिसरी भाकरी त्यांनी न विचारता टाकली, तेव्हा मी मान वळवून तलावाकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "धूर गेला व्हय डोळ्यांत?" मी हो म्हटलं.

बुधवारी सकाळी ते टमरेलानं तळातलं पाणी उपसत होते. एक शिंतोडा ओठावर उडाला. त्यांनी जीभ फिरवली आणि हात थांबवला. मग बोट बुडवून पुन्हा चाखलं.

"मिस्तरी, ह्ये तळ्याचं न्हाय."

"म्हणजे?"

"तळ्याचं पाणी जिभंला बुळबुळीत लागतंय. ह्ये जड हाय. चुना लागल्यावानी. ह्ये आडाचं पाणी हाय."

मी हसलो. राळ, डांबर, कुजकं लाकूड, त्यात दोन माणसांचे पाय. असल्या पाण्याला चव ती कसली? "तात्या, जिभेवर गळती सापडायला लागली तर आम्ही दुकानं बंद करावीत," असं काहीसं मी बोललो. त्यांना राग आला नाही. "बरं. तुमचं शास्तर बगा," म्हणाले आणि पुढे उपसत राहिले. पण त्या दिवसापासून त्यांनी बाहेरच्या सांध्यांना हात लावला नाही.

त्याच दुपारी एक धनगरीण कमरभर पाण्यातून नावेपर्यंत आली. डोक्यावर तांब्या होता. तिची सून आदल्या दिवशी बाळंत झाली होती. काठाला खणलेल्या झऱ्याचं पाणी गढूळ येतंय, म्हणाली, तेवढं बाळंतिणीपुरतं चांगलं पाणी द्या. तात्यांनी टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या वाट्याचं आडाचं पाणी एका लहान माठात असायचं. त्यातला तांब्याभर त्यांनी तिला ओतून दिला, आणि संध्याकाळपर्यंत स्वतः तलावाचं पाणी धोतराच्या पदरातून गाळून प्यायले. मी समोरच बसलो होतो. माझ्या तांब्यात आडाचंच पाणी होतं.

गुरुवारी ते पीठ दळून आणायला गावात गेले. मी एकटा राहिलो. नाव अशी एकाएकी मोठी वाटायला लागली की मी उगाच उभा राहून चारी बाजूंना पाहिलं. टाकीत वीतभर पाणी उरलं होतं. कालचं त्यांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. खरं असेल तर? आडाचं पाणी आणि तलावाचं पाणी यांचा रंग निराळा असता, तर एका क्षणात कळलं असतं. मग वाटलं, रंग निराळा करता येईल की. त्यांच्या चटणी-मिठाच्या डब्यात हळदीची पुरचुंडी होती. ती सगळीच्या सगळी मी टाकीत सोडली, काठीनं ढवळली आणि त्या सांध्यावरच्या चारही फळ्या उचकटून पालथा पडून राहिलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. कूस बदलायला हललो, नाव जराशी कलली, आणि कोपऱ्याच्या त्या सांध्यातून एक थेंब बाहेर आला. पिवळाधमक. मी पुन्हा अंग हलवलं, दुसरा आला. स्थिर राहिलो, थांबला.

आधी मला आनंदच झाला, हे कबूल करायला हवं. सापडली! नळवाल्याचा तो आनंद आंधळा असतो. मग हळूहळू सगळं ध्यानात आलं. घरात नळ बसवताना आम्ही तो पट्ट्या ठोकून भिंतीला घट्ट आवळतो. भिंत काही हलत नाही. मी नावेलाही घर समजलो होतो. तिच्या लाकडाला नळ खिळ्यांनी आवळून टाकला होता. नाव तर सारखी अंग मोडत असते. माणूस चढला की कलते, वारा आला की कुरकुरते. तिच्या प्रत्येक हालचालीला माझा ताठर नळ कोपऱ्यात पिळला जात होता आणि डाखाला केसाएवढी चीर पडली होती. नाव हलली की चीर उघडायची, थांबली की मिटायची. हा सांधा झाकलेलाच ठेवून आम्ही बाकीच्यांवर राख भुरभुरली आणि शहाण्यासारखे न हलता बसलो, तिथेच फसलो. जे टाकीतून जात होतं तेच तळात येत होतं. एकच पाणी होतं, आणि ते मी गळवत होतो.

मी घाईनं कामाला लागलो. उरलेलं पिवळं पाणी काढून टाकलं, टाकी धुतली. पिशवीतला स्टोव्ह पेटवून डाख द्यायची इस्त्री तापवली, नवसागर लावला, जुना डाख उतरवून नवा भरला. पट्ट्यांचे खिळे या खेपेला सैल ठेवले आणि मध्ये चामड्याचा तुकडा घातला, म्हणजे नळाला नावेबरोबर हलायला जागा राहील. फळ्या पुन्हा बसवल्या. काम चांगलं झालं. माझ्या मनात एकच गणित होतं: गळती बंद झाली की प्रश्नच मिटला. टाकी भरलेली राहील, तळ कोरडा राहील, तात्यांची नाव तात्यांकडे राहील आणि माझी चूक कुणाला कळायचीही नाही. सगळ्यांचं भलं. बाविसाव्या वर्षी माणसाला अशी गणितं फार चटकन सुटतात.

तात्या परतले आणि नावेवर पाऊल ठेवताच त्यांनी नाक उचललं. नवसागराचा वास लवकर जात नाही.

"काय केलंसा?"

"काही नाही. सांधे जरा घट्ट केले."

"बरं."

त्यांनी तळ उपसायला घेतला. खालच्या लाकडावर हळदीचा डाग राहिला होता. त्यावरून त्यांचा हात एकदा फिरला, एवढंच मला दिसलं. स्वयंपाकाला बसल्यावर डबा उघडून म्हणाले, "हळद सपली वाटतं." मी चुलीत काटकी सारली.

शुक्रवारी त्यांनी कावडीनं पाणी आणून टाकी भरली. मोकळ्या घागरी घेऊन जाताना खांदा वर, भरून येताना खाली. दिवसभर खूण जागची हलली नाही. मी मुद्दाम नावेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. तळ कोरडा. दिवेलागणीला आम्ही बसलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं,

"उद्या सायेब इच्यारतील. काय सांगशिला?"

"सांगेन, बंद झालं म्हणून."

"व्हय. बंद तर झालंच की."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. अजून काही येईल अशी वाट पाहणारं ते बघणं होतं. मी टाकीवर टिचक्या मारून आवाज ऐकत राहिलो.

ओव्हरसियर शनिवारी सकाळी आले. माणूस दुष्ट नव्हता. टापटिपीचा होता, आणि आपल्या तर्कावर त्यांचा फार जीव होता. काठी काढून पाहिली, फळी उचलायला लावून तळ पाहिला, रुमालानं बोट पुसलं.

"शाबास! काय सापडलं?"

मालकांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. काम गेलं तर माळाही जाणार. करमाळ्याला कुणाकडे जायचं? हे सगळं एका श्वासात मनात आलं आणि तोंडातून निघालं, "विशेष काही नाही, साहेब. सांधे तपासले. सगळे ठीक आहेत."

"म्हणजे गळत नव्हतंच," ते म्हणाले.

ते असं वळतील हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते शांतपणे, बोटांवर मोजत, उलगडून सांगायला लागले. सांधे ठीक आहेत. मिस्त्री इथे बसला तर टाकी भरलेली राहिली. मिस्त्री नव्हता तेव्हा रिकामी होत होती. याचा अर्थ काय? आणि मिस्त्री आला तशा फळ्याही पाझरायच्या थांबल्या, म्हणजे डांबर लावता येत होतं, लावलं जात नव्हतं. माझ्या दुरुस्तीचा एकेक तुकडा उचलून ते तात्यांच्या अंगावर ठेवत होते.

"धोंडी, धनगरांना पाणी दिलंस की नाही? खरं सांग."

"दिलं जी."

"दिलंस?"

"येक तांब्या. बाळंतिणीला. माज्या वाटणीतलं."

"एक तांब्या, की रोज एक घागर?"

तात्यांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी नव्हती, रागही नव्हता. तोंड उघडण्याची माझी पाळी होती आणि ते ती मला देत होते. मग अगदी हळू, जणू मी बोलायला विसरलोय म्हणून आठवण करून द्यावी तसं म्हणाले, "बोला की, मिस्तरी."

मी म्हणालो, "मला काही ठाऊक नाही."

सोमवारची वाट पाहायला तात्या थांबले नाहीत. घोंगडी, डबा, माठ, कावडीचा बांबू. नावेच्या काठावर तळहात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि पाण्यात उतरले. कमरभर पाण्यातून थोडं गेल्यावर वळून म्हणाले, "भाकर झाकून ठिवलीया. तुमची." मग चिखल, मग बंधाऱ्याची चढण. ओव्हरसियर मला मोजणीचं वेळापत्रक समजावून सांगत होते. मी हो हो म्हणत होतो. साहेब गेल्यावर मी ती भाकरी खाल्ली. भूक लागली होती. सांगायला लाज वाटते, पण सगळी खाल्ली.

मालक खूश झाले. मोठमोठी कामं मला मिळू लागली. पुढे स्वतःचं दुकान काढलं. आणि गंमत बघा, गावात माझं नाव झालं ते आपली चूक आपण सांगणारा नळवाला म्हणून. "हे माझ्याकडून चुकलं, पुन्हा करून देतो," असं मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायचो. लोक कौतुक करायचे. आमची ही म्हणायची, एवढं काय पालुपद लावता? तिलाही मी कधी कारण सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती रागावली असती आणि नंतर जवळ बसली असती. ती गेल्यावर हे जास्त कळतं. मनात असलं काही ठेवलं की माणूस भरल्या घरातही एकटाच राहतो, आणि घर रिकामं झालं की त्याच्याकडे तेवढंच उरतं.

मी तात्यांच्या गावी गेलो होतो. लगेच नाही. चार-पाच उन्हाळे मध्ये जाऊ दिले. फाट्यावर मोटारीतून उतरलो, घर विचारत गेलो. मुलगी दारात धान्य पाखडत होती. तात्या आदल्या वर्षीच गेले होते. मी कोण, हे तिनं विचारलं. नळकाम करतो, तळ्यावर त्यांची ओळख झाली होती, म्हणालो. तिनं सूप खाली ठेवलं, घोंगडी टाकली, पाणी आणून दिलं.

"तितनं आले त्ये पुना नावंवर चढले न्हाईत," ती सांगत होती. "आन् कुणाच्या घरी पाणी पेत न्हवते. माज्याबी न्हाई. सोताच्या हातानं नदीवनं आणायचं आन् त्येच प्यायचं. काय इच्यारलं तर बोलायचे न्हाईत."

तांब्या माझ्या हातात होता. मी एक घोट घेतला होता, दुसरा घेतला नाही.

मग तिनं पदर सावरला, इकडे तिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुमी तितं व्हता म्हंता. मला येक सांगा. आमच्या तात्यांनी खरंच सरकारचं पाणी वाटलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. "नाही, बाई. मुळीच नाही."

ती ओशाळं हसली. "मला बरं वाटावं म्हणून समदे आसंच म्हंत्यात."

आणि तरीही ती थांबली. सूप उचललं नाही. नुसतं 'नाही' तिला पुष्कळांनी दिलं होतं; तिला त्याच्या पुढचं हवं होतं, आणि ते साऱ्या जगात फक्त माझ्याजवळ होतं. मी तांब्या खाली ठेवला, मोटार चुकेल म्हणालो आणि उठलो. ती रस्त्यापर्यंत पोचवायला आली. पुन्हा या, म्हणाली.

सांधा माझा होता, बाई. एवढंच म्हणायचं होतं. मोटारीला अजून अर्धा तास होता.